अवस सुटायच्या आधी

रिसोड,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वैजू हिला दादाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. हरभरा सोंगून झाला. तुझ्या वहिनीचे गुडघे माझ्या मते ठीक आहेत, तिच्या मते नाहीत, आणि या घरात कोणाचं मत चालतं ते तुला माहीत आहे. तुझ्या जावईशोधाच्या धावपळीत तू जेवतेस की नाही, असं तिने विचारायला सांगितलं आहे. विचारलं.

तुझे तीन फोन आले. तिन्ही वेळा मी 'कार्ड शोधतो आहे' असं सांगितलं. रविवारी तुझ्या रुचिकाला पसंत केलेली माणसं सुपारी फोडायला येणार, आणि पत्रिका जुळूनही मुलाच्या मामांनी, रामधनजींनी, दवाखान्याचं जन्मवेळेचं कार्ड मागितलं आहे. कारण पोरीच्या जन्मतारखेच्या चौकटीत कॅलेंडरवाल्याने अमावास्येचा काळा ठिपका छापला आहे. त्या दिवशी अवस सुटली संध्याकाळी पाच बावीसला. आपल्या पत्रिकेत जन्म पाच पन्नासचा. म्हणजे पोरगी अठ्ठावीस मिनिटांनी वाचली. ही अठ्ठावीस मिनिटं रामधनजींना डॉक्टरच्या अक्षरात पाहायची आहेत. माणूस संशयी आहे, पण मूर्ख नाही.

शेजारचा रंगराव उद्या कोर्टाच्या तारखेला वाशीमला येतो आहे, त्याच्या हाती हे पाकीट देतो. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच बोलशील, आणि मला थांबायला निमित्तच हवं आहे.

आधी एक गंमत ऐक. गेल्या शनिवारी इथल्या वाचनालयाने माझं व्याख्यान ठेवलं होतं. विषय, 'साहित्यातला आणि समाजातला अंधार'. संस्कृतच्या मास्तरला बोलावणं आलं म्हणजे ठरलेला पाहुणा शेवटच्या घटकेला आला नसणार, हे मी ओळखलंच. उभा राहिलो, 'अंधार' एवढा एक शब्द उच्चारला, आणि लाइट गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरदुपार होती म्हणून बरं, फक्त पंखे बंद झाले.

मग तासभर बोललो. आपल्या कवींनी अंधाराला अज्ञान म्हटलं, पाप म्हटलं, मरण म्हटलं. त्या बिचाऱ्याची बाजू कोणी ऐकून घेतली नाही. मीमांसक म्हणतात, अंधार ही वस्तू आहे. काळा दिसतो, सरकतो, मग वस्तू का नाही? नैयायिक म्हणतात, छे, तो नुसता उजेडाचा अभाव, वेगळं असं काहीच नाही. मी म्हटलं, मी नैयायिकांच्या बाजूचा. जे मुळात नाहीच त्याला समाज घाबरतो, त्याच्या नावाने माणसं बाजूला काढतो. फार छान बोललो गं. शाल मिळाली.

खाली उतरलो तर खाकी कपड्यातली एक पोरगी समोर आली. एसटीत कंडक्टर आहे, ड्यूटी संपवून आली होती.

"सर, अंधार म्हंजे काहीच नाई म्हनता ना तुमी?"

"हो."

"मंग ते काहीच नाई माह्या पत्रिकेत कायले लिवलं?"

आणि तिने घडी पडून फाटायला आलेला कागद उलगडला. अक्षर माझं होतं. चोवीस वर्षांपूर्वीचं, आत्तापेक्षा बरंच सुंदर.

वैजू, आता थोडं मागे जावं लागेल. रुचिका झाली त्या दिवशी तू ग्लानीत होतीस, मंगरूळच्या दवाखान्यात काय घडलं ते तुला आम्ही सांगू तेवढंच माहीत. संध्याकाळी सात वाजता तुझ्या सासूबाई जीपमधून उतरल्या. हौसाबाई तेव्हा कशा होत्या ते तुला मी काय सांगू! आईने बाळ पुढे केलं, तर त्यांनी हात मागे बांधले.

"पोर मंग पायतो. पयले टाइम सांगा. अवस सुटली होती का नवती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'शेतकऱ्याच्या घरात संस्कृत म्हंजे बैलाले चष्मा' असं जन्मभर म्हणणारे बाबा, त्या दिवशी त्यांना तो चष्मा हवा होता. तुझ्या थोरल्या जावेची पोर अवसेची म्हणून पाच वर्षं आजोळी राहिली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कार्ड माझ्या खिशात होतं.

मी म्हटलं, "पाच पन्नास. अवस सुटल्यावर."

"मंग आना इकडं," असं म्हणून त्यांनी पोरीला छातीशी धरलं, ते आजवर सोडलेलं नाही. इतक्या लवकर फळलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

कार्डावर वेळ चार दहा आहे. ते कधी हरवलंच नव्हतं. माझ्या टेबलाच्या खणात, अमरकोशाच्या खाली होतं, आणि गेले आठ दिवस मी ते तुझ्यासाठी घरभर शोधतो आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर तू रडून, रागावून शेवटी म्हणाली असतीस की दादाने भाचीसाठी केलं. पण पुढे आहे.

त्याच खोलीत, पलीकडच्या खाटेवर, आपल्या आसेगावच्या देवमनची बायको होती. तिलाही त्याच दुपारी मुलगी झाली. चौथ्या दिवशी देवमन माझ्याकडे आला. पत्रिकेसाठी कोरा कागद पुढे करून म्हणाला, "गुरुजी, आमाले काई समजत नाई. जसं असंन तसं लिवा." मी लिहिलं. दुपारी तीन पस्तीस, तिथी अमावास्या. खाली, कोणी न विचारता, 'शांती करावी' असंही लिहिलं. शास्त्राला धरून, शुद्ध, एक काना इकडचा तिकडे नाही. खोटं लिहायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. का यावं? ती माझी कोण होती?

देवमनच्या आईने ती मुलगी घरात घेतली नाही. सोजरबाईने, म्हणजे तिच्या आईच्या आईने, ती नेली आणि वाढवली. नाव वर्षाराणी. पाठचे दोन भाऊ बापाच्या घरी वाढले. ती एकदा दिवाळीला गेली होती म्हणे, ओसरीवरूनच परत आली.

हे सगळं तिने वाचनालयाच्या पायरीवर सांगितलं. आवाज चढवला नाही. "भांडाले नाई आली सर, इचारून राह्यली," असं मात्र दोनदा म्हणाली. मी शाल सावरत होतो. मग तिने विचारलं,

"त्याच दिवशी तुमच्या बहिनीलेबी पोरगी झाली होती म्हने. तिचं कसं केलं मंग?"

वैजू, मी म्हणालो, "तिची वेळ निराळी होती."

"असंन," ती म्हणाली, आणि गेली.

पहिलं खोटं तिशीच्या आत बोललो, घाबरून, एका बाळासाठी. हे दुसरं त्रेपन्नाव्या वर्षी, शाल अंगावर असताना, स्वतःसाठी. तेव्हापासून जेवण जात नाही. वर्गात काल एकाच श्लोकाचा अर्थ दोनदा सांगितला, मुलांनी दोनदा लिहून घेतला.

आणि एक सांगून टाकतो, हसू नकोस. माझा या सगळ्यावर विश्वास नाही असं मी जगाला सांगतो. पण रुचिकाला टायफॉइड झाला तेव्हा, ती स्कूटीवरून पडली तेव्हा, बारावीच्या निकालाच्या सकाळी, मी चार दहाची वेळ धरून तिच्यासाठी शांतीचा जप केला. चोवीस वर्षं, दार लावून. जी वस्तू नाहीच म्हणून सांगतो तिला घाबरत आलो आहे. त्या दुसऱ्या पोरीसाठी एक माळसुद्धा ओढली नाही.

कार्ड या पाकिटात आहे. तू वाचलंस की आधी रुचिकाला दे, जावईबापूंना नंतर. तारीख तिची, लग्न तिचं. रामधनजींना दाखवायचं की फाडायचं हे तिने ठरवावं. मुलगा चांगला आहे, तिला आवडलेला आहे, हे मला कळतं. चार दहा पाहून ते उठून गेले तर ती माझ्याकडे कशी पाहील, या विचाराने मी कार्ड दोनदा पाकिटात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं. आणि हौसाबाईंचं काय? ऐंशीच्या घरात आहेत. नातीच्या हातचाच चहा लागतो त्यांना. त्यांना कोण सांगणार? मीच सांगेन बहुतेक. तू चहा कर.

रविवारी मी येतो आहे. सकाळच्या वाशीम गाडीवर वर्षाराणीची ड्यूटी असते, आगारात विचारून आलो. रिसोडपासून तुझ्या स्टँडपर्यंत सव्वा तास. तेवढ्यात तिला तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं आहे. तिकीट देताना, घंटी वाजवताना, माणसांच्या गर्दीत, जसं जमेल तसं. म्हणजे तुझ्या दारात पोचेन तेव्हा ते सांगून झालेलं असेल, आणि 'दादा, एवढ्या वेळेपुरतं पुन्हा पाच पन्नास म्हण ना' असं तू म्हणालीस तरी माझ्या हातात काही उरणार नाही. म्हणूनच ती गाडी धरतो आहे. तुझ्या डोळ्यांत पाणी पाहून मी टिकायचो नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

पाहुण्यांच्या आधी पोचेन. मी दारात चपला न काढता उभा राहिलो, तर समज की सव्वा तासात मला तोंड उघडता आलं नाही. मग मला आत घेऊ नकोस.

रुचिकाचा मामा, आणि वर्षाराणीचा कोणीच नसलेला,
भागवत