बाबांचे बिनतुपाचे चिले

बाबा,

गेल्या महिन्यात माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टरीण माझ्या मुलीपेक्षाही लहान आहे, पण दटावते अशी की बस्स. "अंकल, जलेबी बंद, कचोरी बंद, पोह्यांवरची सेव बंद. पण भूखे मत रहना, नाश्ता पेटभर करना." मला हसू आलं. तिला वाटलं मी चेष्टेवारी नेतोय. तसं नव्हतं. साठ वर्षांपूर्वी तुम्ही हेच सांगत होता आणि मी कानांत बोळे घातले होते.

मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. राजधानी भोपाळला गेली, तुमचे निम्मे सोबती कचेरीसकट तिकडे गेले, तुम्ही हट्टाने इंदूरलाच राहिलात. एक दिवस कचेरीचा जिना चढताना तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात चरबी फार, तूप आणि तळण आजपासून बंद. आईने पदर डोळ्यांना लावला. "जन्मभर या हाताने तूप वाढलं, आता कोरडं वाढू? मला नाही व्हायचं. लोक म्हणतील, नवऱ्याला उपाशी मारते." आपल्या घराण्याच्या चार पिढ्या दरबारी चाकरीत गेलेल्या. ताटात तूप नाही म्हणजे घरावर काहीतरी संकट कोसळलंय, असंच आपल्यात समजत. तुम्ही दोन दिवस तिची समजूत घातलीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "ठीक आहे. मग मी करतो."

आणि खरंच करायला लागलात. धोतर खोचून, अंगात नुसतं बनियन, शेगडीसमोर पाटावर बसलेले. भिजवलेले मूग स्वतः वाटायचात, त्यात आलं, मिरची, मेथीची पानं. अर्धा कांदा थेंबभर तेलात बुडवून तव्यावर फिरवायचात, तेवढंच काय ते तेल. आई त्याला धिरडी म्हणे, तुम्ही इंदुरी थाटात चिले म्हणायचात. पहिले चार दिवस ते तव्याला असे चिकटले की उलथन्याने खरवडून खावे लागले. पाचव्या दिवशी एक अख्खा निघाला, तेव्हा तुम्ही घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलात. एक दिवसाआड जवाचा दलिया असे, भाज्या घातलेला, चमचा उभा राहील इतका घट्ट. "पोट गच्च भरलं पाहिजे," तुम्ही म्हणायचात. "अर्धपोटी निघालो तर अकरा वाजता बाहेरची कचोरी हाक मारणार, आणि मी काही साधुसंत नाही." आई तोंड फिरवून बसायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इतरांचे वडील त्या वेळी पेपर वाचत आणि माझे वडील तव्यावर कांदा फिरवत.

एका सकाळी वर्गातला एक मित्र मला शाळेसाठी बोलवायला आला. मोठ्या साहेबाचा मुलगा, त्यांच्याकडे स्वयंपाकाला महाराज होते. तो सरळ आत येतो, तुम्हाला पाहतो आणि मला विचारतो, "ये कौन?" मी बारा वर्षांचा आहे. तुम्ही चार हातांवर बसलेले आहात. मी म्हणतो, "महाराज हैं. नए आए हैं." तुमचा हात क्षणभर थांबतो. मग तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणता, "बैठो भिया, गरम है, खाके जाओ." तो तीन चिले खातो. तुम्ही मला विचारता, "आपको भी दूँ, भैयाजी?" मी मान हलवून नको म्हणतो. मला अजून तुमचा चेहरा आठवतो. त्यावर राग नव्हता, आणि तेच मला सोसत नाही.

संध्याकाळी तुम्ही रागवाल म्हणून मी घाबरून बसलो होतो. तुम्ही नेहमीसारखे मूग भिजत घातलेत. दुसऱ्या दिवसापासून मात्र मित्राची यायची वेळ झाली की तुम्ही उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायला लागलात. माझी शाळा संपेपर्यंत. धुराने खोकत असायचात आत, पण दार उघडलं नाहीत. आणि नाश्ताही एक दिवस चुकवला नाहीत. त्या कळेनंतर चांगली वीस वर्षं जगलात तुम्ही. तेवढ्या वर्षांत मला माफी मागता आली असती. मी मागितली नाही.

आता माझी पाळी आहे. हिने म्हटलं, "मी करते की." मी म्हटलं, नाही, माझ्या रक्ताचं मीच बघणार. आज तेवीस दिवस झाले. मूग मी भिजवतो, मिक्सरमध्ये फिरवतो, कांदा तसाच तव्यावर. दलियाही जमायला लागलाय. सराफ्यातल्या खाऊगल्लीत पाय ठेवलेला नाही. हे मी सोडणार नाही बाबा, काही झालं तरी.

पण काल व्याही राहायला आलेत. आज सकाळी ते चहाला आत आले, मी तव्यासमोर. "अरे व्याहीजी, आप खुद? घर में सब ठीक तो है ना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिला जरा बरं नाही." ही मागेच उभी, धडधाकट. त्यांची पाठ वळल्यावर म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मी तव्यावर कांदा फिरवत राहिलो. सत्तरी ओलांडली, आणि अजून तेच.

हे पत्र कुठे टाकायचं, तो प्रश्नच नाही. दुपारची वेळ आहे, सगळे झोपलेत. उद्या व्याह्यांच्या ताटात चिला वाढताना सांगायचं मी ठरवलंय: "माझे वडील रोज सकाळी स्वतःच्या हाताने हे करायचे." एवढं एकच वाक्य. मोठ्याने म्हणून बघावं म्हणून आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन आलो. पहिल्या खेपेला 'माझे वडील'च्या पुढे जाता आलं नाही.