श्वासयंत्रासह पहिला मुक्काम

वाटूर, रविवार, १८ जानेवारी २००४, सायंकाळ

डॉक्टरांनी झोपताना लावायला दिलेले श्वासयंत्र घेऊन प्रथमच ताईकडे मुक्कामाला आलो. दुपारी वीज असताना मुखवटा चढवून यंत्र तपासले, आणि नेमके तेवढेच कुणीतरी खिडकीतून पाहिले. तासाभरात गल्ली आजाऱ्याला भेटायला हजर! बिस्किटांचे पाच पुडे जमले. मी चहा पितो आहे आणि माणसे हळहळताहेत. इतका का खंगलेला दिसतो मी?

मग रीतसर समजावले. हा ऑक्सिजन नव्हे, साधीच हवा. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. हवेच्या दाबाने तो उघडा राहतो. बिस्किटाचा रिकामा पुडा दाबून घसाही करून दाखवला. शिकवण्याची हौस निवृत्तीनंतरही जात नाही, काय करणार!

शेजारच्या काशीबाई मात्र गंभीर झाल्या.

"गुरुजी, आमच्या ह्यांचा बी श्वास थांबतो. मंग मी कोपरानं ढोसते, तवा चालू होतो."

"रोज?"

"लगीन झाल्यापासून ढोसून राह्यले. न्हाई ढोसलं तर?"

दारातून बाबूराव ओरडले, "म्हणून बरगड्या दुखतात व्हय माझ्या!"

सगळे हसले; मला हसणे जमेना. आजार जिवावर बेतू शकतो, हे बाबूरावांना स्पष्ट सांगितले. उद्या माझ्याबरोबर जालन्याला, माझ्या डॉक्टरांकडे यायचे त्यांनी कबूल केले. पण यंत्र मिळेपर्यंत काय? मी विचारण्याआधीच काशीबाई म्हणाल्या, "तवर मी हाये की."