दुसऱ्या आवाजाचा सॅक्सोफोन

मी, व्हर्ना स्टट्झमन, वय बासष्ट, अविवाहित, राहणार एल्कहार्ट, इंडियाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही. डॉक्टरांच्या मते हिवाळा निघणं कठीण. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. थोरली बहीण अर्डिथ वीव्हर शेजारच्याच घरात राहते, पण दडपण आणण्याइतकं आमचं बोलणं कित्येक वर्षांत झालेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम पहिलं. घर, मागची बाग आणि सफरचंदाचं झाड अर्डिथला. झाड तसंही तिच्याच कुंपणावर वाकलेलं आहे.

कलम दुसरं. बँकेतल्या शिलकीतून दफनाचा खर्च भागवून उरेल ते आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दवाखान्याला द्यावं. मंडळीने मला तेवीस वर्षं प्रभुभोजनाला बसू दिलं नाही. पण न्यूमोनिया झाला तेव्हा मंडळीतल्याच बायका आळीपाळीने उशाशी बसल्या, हे मी विसरलेली नाही.

कलम तिसरं. माझी हत्यारं, म्हणजे स्पिरिटचा दिवा, लाखेच्या कांड्या, उरलेल्या चामड्याच्या गाद्या आणि वायरला लावलेला छोटा बल्ब, अर्डिथची नात ट्वायला हिला. गावातल्या वाद्यांच्या कारखान्यात मी सॅक्सोफोनच्या कळांखाली या गाद्या बसवत असे. खोलीत अंधार करून नळीत बल्ब सोडायचा. जिथून उजेड गळतो तिथूनच हवा गळते.

कलम चौथं. ट्वायलाचा बाप, माझा भाचा ड्वेन, याला बैठकीच्या खोलीतला उभा दिवा. गेल्या नाताळात माझा सॅक्सोफोन उचलून तो म्हणाला, "मावशी, याच्यात वायर घालून वर शेड बसवली ना, झकास दिवा होईल. नाहीतरी हा कुठल्या बँडमध्ये चालत नाही."

मी म्हटलं, "तुझं डोकंही कुठे चालत नाही. त्यात वायर घालू का?"

दिव्याचा एवढा सोस आहे, तर त्याने तयार दिवा न्यावा.

कलम पाचवं, सॅक्सोफोनविषयी. बँडमध्ये चालत नाही हे मात्र खरं. तो एफ सुरातला आहे: नेहमीच्या ऑल्टो सॅक्सोफोनहून थोडा वर, उंच आवाजाच्या सोप्रानोहून खाली, दिसायला ऑल्टोसारखाच पण अंगाने बारीक. आमच्या कारखान्याने तो अठ्ठावीस साली काढला. त्याच्यासाठी कुणी संगीतच लिहिलेलं नव्हतं. बँडच्या कागदांवर त्याची ओळ नव्हती. वर्षभरात बाजार कोसळला आणि न खपलेले नग कारखान्याच्या दुरुस्ती-शाळेत गेले. तिथली शिकाऊ मुलं ते मुद्दाम जमिनीवर टाकत, पोचे पाडत, कळा वाकवत आणि मग नीट करायला शिकत. नीट झाला की पुन्हा टाकत. दर वेळी नव्या गाद्या मी बसवायची. माझ्याकडच्या नगाच्या मानेवर एक पोचा आहे, तो कुणालाच काढता आला नाही. सेहेचाळीस साली उरलेले नग भंगारात निघाले, तेव्हा हा मी घरी आणला.

आमच्या मंडळीत वाद्य नाही. चार आवाजांत गायचं, तेवढंच संगीत. बनवणं हे काम, वाजवणं हा गर्व, असं आमचे वडील म्हणत. मंडळीचे कारभारी, डीकन, घरी आले. म्हणाले, "व्हर्ना, तो विकून टाक, नाहीतर प्रभुभोजन सोडून मागच्या बाकावर बस." मी मागच्या बाकावर बसले. तोवर अर्डिथ आणि मी एकाच बाकावर, एकाच पुस्तकातून गायचो. मी वरचा आवाज, म्हणजे चाल. तिचा त्याखालचा दुसरा. त्या रविवारपासून तिच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

गावाचा समज आहे की मी ऑर्व्हिल टीटरसाठी बिनलग्नाची राहिले. ऑर्व्हिल कारखान्यात प्रत्येक वाद्य वाजवून तपासायचा. एफवाला त्याने पहिल्यांदा वाजवला तेव्हा मी हातातली गादी तशीच धरून दारात उभी राहिले.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"आमच्या अर्डिथसारखा."

"घ्या! जीव ओतून वाजवलं मी, आणि हिला आठवली बहीण! माझं नशीबच फुटकं."

मंदीत तो पश्चिमेला गेला. त्याची आठवण येते, नाही असं नाही. पण सॅक्सोफोन मी त्याच्यासाठी आणला नव्हता.

त्याला स्वतःची ओळ नव्हती, म्हणून मी त्याला अर्डिथची दिली. रोज जेवण झालं की आईच्या आवडीचं गीत वाजवायची. चाल नव्हे, फक्त दुसरा आवाज. रस्त्याने जाणाऱ्याला काही उमगायचं नाही. चाल मी मनात गायची. अर्डिथला मात्र पहिल्या सुरालाच कळायचं, आणि ती खिडकी लावून घ्यायची.

या ऑगस्टमध्ये श्वास पुरेना, वाजवणं थांबलं. दोन-तीन दिवसांनी अर्डिथ मागच्या दाराशी आली, हातात सूपचं भांडं.

"काय गं, मोडला का तो?"

"तो नाही. मी."

भांडं तिने टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात तू घाई करतेस. इतकी वर्षं घाईच करत आलीस. तिथे मी श्वास घेते."

"तुझी खिडकी तर बंद असायची."

"काच आहे ती, भिंत नव्हे."

कलम सहावं. सॅक्सोफोन ट्वायलाला. ती शाळेच्या बँडमध्ये ऑल्टो वाजवायची; बोटं तीच. अट एकच. दफनाच्या वेळी मंडळीने आपल्या रीतीने गावं. दफनभूमीत वाद्य नको, कुणाला अवघडवायचं नाही. सगळे परतल्यावर ट्वायलाने कुंपणाबाहेर रस्त्यावर उभं राहावं. रस्ता काउंटीचा, म्हणजे सरकारी आहे, मंडळीचा नाही. तिथून तिने आईच्या गीताचा दुसरा आवाज वाजवावा, दुसऱ्या कडव्यात घाई न करता.

अर्डिथला अट नाही. घर तिला काहीही न करता मिळेल. फक्त विनंती. अर्डिथ, तुझी ओळ ती वाजवेल. माझी तू गा. नाहीच धीर झाला, तर कुंपणाशी उभी राहा आणि मनात गा. तेही चालतं, मी करून पाहिलं आहे.

अर्डिथला वाटा मिळणार असल्याने ती साक्षीदार होऊ शकत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं आहे. त्यांच्यादेखत मी सही करत आहे. बाहेर दहिवर पडलं आहे, आणि पलीकडे अर्डिथची खिडकी उघडी आहे.

सही: व्हर्ना स्टट्झमन

साक्षीदार: लॉइस हार्ट्झलर, क्लेटन ग्रेबिल

एल्कहार्ट, २४ ऑक्टोबर १९६९