भिंतीवरचा वाचक

मी, एका संगीत मासिकाचा संस्थापक-संपादक, वय वर्षे बहात्तर, ऐकू कमी येतं पण डोकं जाग्यावर आहे (डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, हितशत्रूंनी वाचावा), कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधीची दोन रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

१. राहतं घर पत्नीला. ते तसंही तिचंच होतं, मी फक्त पंखे लावले.

२. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवरचा 'बाळ्या' माझ्या पुतण्याला द्यावा. बाळ्या म्हणजे जाहिरातीतून कापलेला, जाकीट घातलेला एक तरुण. हाच आमचा वाचक, असं मी पहिल्या अंकाच्या वेळी ठरवलं आणि एकतीस वर्षं प्रत्येक पान "बाळ्याला चालेल का?" असं विचारून छापलं. पुतण्या माध्यमशास्त्र शिकून आला आणि त्याने आमच्यावरच प्रबंध ठोकला. तीनशे बहात्तर मुखपृष्ठं, त्यांत बायका चव्वेचाळीस, खरोखर वाजवणाऱ्या तीन. सहा जणींनी गिटार उलटी धरलेली. "काका, तुम्ही वाचक शोधला नाही, कापून चिकटवलात," म्हणाला. मी त्याला चहाही न देता हाकललं. कार्टं खरं बोलत होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

३. वाचकांच्या पत्रांच्या अकरा पेट्या टपाल सांभाळणाऱ्या ताईंना. त्या कायम सांगायच्या, "साहेब, निम्म्याहून जास्त पत्रं बायकांची आहेत. कोणी नर्स, कोणी शिवणकाम करणारी, एक तर क्रेन चालवते!" मी म्हणायचो, "ताई, ते अपवाद." अकरा पेट्या अपवाद! धन्य आहे माझी.

४. जाहिरात-व्यवस्थापकाला काहीही देऊ नये. "तरुण वर्ग, तरुण वर्ग" म्हणत त्याने मला नाचवलं. त्याची स्वतःची मुलं आमचा अंक फुकट दिला तरी उघडत नाहीत.

५. मासिक, त्याचं नाव आणि सर्व हक्क माझ्या मुलीला. नऊ वर्षांपूर्वी मी ड्रमवादकांचा विशेषांक काढला. तिने विचारलं, "बाबा, कव्हरवर मी?" मी म्हणालो, "बाळ्याला पटणार नाही गं." मग एक मॉडेल आणली, मुलीच्याच ड्रमसेटवर बसवली, मुलीच्याच काठ्या तिच्या हातात दिल्या. त्या धरायच्या कशा, हेही मुलीनेच निमूटपणे शिकवलं. बाळ्याला वाजवणारी बाई नको होती, नुसती बसलेली चालत होती. अंक हातोहात खपला. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मला लाज वाटते. मासिक तिने चालवावं, बुडवावं, रद्दीत घालावं; माझी काही अट नाही.

वारसाचा व्यवसाय लिहावा लागतो, असं वकील म्हणाले. लिहिलं: ड्रमवादक. इतके अंक काढले, पण हा शब्द तिच्या नावापुढे एकदाही छापला नाही.

साक्षीला बोलावलेले खालच्या मजल्यावरचे चष्मेवाले हे वाचून म्हणाले, "अहो, तुम्ही गेल्यावर तिला कळून काय उपयोग?" म्हणून याची प्रत घेऊन आज मी स्वतः तिच्याकडे निघालो आहे. दार उघडलं नाही, तर फटीतून आत सरकवेन.

सही: संपादक
साक्षीदार: (१) चष्मेवाले (२) वकिलांचे कारकून
स्थळ: मासिकाची कचेरी, दुसरा मजला
दिनांक: सोळा, सोमवार, सकाळी अकरा