ओजिआकोच्या घराण्यातलं गाळलेलं नाव

मी, इलोएग्बुनाम, धंदा लोहारकाम, राहणार ऑका, माझ्या ओबीत, म्हणजे घराच्या पुढच्या बैठकीत बसून हे मृत्युपत्र सांगतो आहे आणि निवृत्त शिक्षक ओबिओरा मास्तर ते लिहून घेत आहेत. माझ्या जन्माची नोंद नाही. तापाच्या मोठ्या साथीत मी रांगत होतो असं आई सांगायची, त्यावरून मास्तरांनी वय चौऱ्याहत्तर धरलं आहे. डोकं ठिकाणावर आहे. डावा कान गेला आहे, पण तो ऐरणीपाशी जन्म काढलेल्या कोणत्याही लोहाराचा जातोच. कोणी मला ताडी पाजून बसवलेलं नाही की धमकावलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलं नाही, कारण त्यात जे लिहायला हवं ते लिहायची छाती होत नव्हती.

१. हत्यारं. घण, हातोडे आणि छिन्न्या आमच्या आळीतल्या लोहारांनी वाटून घ्याव्यात. मोठी सांडशी शेजारच्या म्बाक्वेने एका दिवसासाठी म्हणून नेली, त्याला एकोणतीस वर्षं झाली. माझ्या दफनाच्या दिवशी त्याला पोटभर जेवू घालावं आणि मग सगळ्यांदेखत ती मागावी. ऐरण जिथे रोवली आहे तिथून हलवू नये.

भाता कोणालाही देऊ नये. तो माझा एकट्याचा नाही. लहानपणी मी आणि माझा चुलतभाऊ अकुन्ने आळीपाळीने तो चालवायचो आणि त्याचे वडील एझेनागु काम करता करता गोष्ट सांगायचे: आमचा मूळपुरुष एरी आभाळातून उतरला तेव्हा खाली नुसता चिखल होता. बिचारा वारुळावर उभा राहिला. मग ऑकाच्या लोहाराला बोलावणं गेलं, त्याने भात्याने जमीन वाळवली आणि तेव्हा कुठे माणसांना पाय टेकता आले. अकुन्ने विचारायचा, चिखल होता तर लोहार कुठे उभा होता? एझेनागु हसायचे आणि त्याच्या डोक्यात टपली मारायचे. माझ्या मनात आज वेगळंच येतं. एरीसुद्धा बाहेरूनच आला होता, तरी त्याच्या लेकरांमध्ये बाहेरून आलेल्याला खाली मान घालावी लागते.

२. बँकेत जे आहे ते दफनाला पुरेल. मानाचा बैल कापू नये.

३. लोहारशाळेची जागा आणि हे घर. हे कोणाला द्यायचं ते सांगण्याआधी ते माझ्याकडे कसं आलं ते सांगणं भाग आहे. मास्तर, इथे हात आखडता घेऊ नका, सगळं लिहा.

आमच्या घराण्याचा पहिला लोहार ओजिआको. तो दर कोरड्या मोसमात घण खांद्यावर टाकून परमुलखात कामाला जायचा. एका वर्षी तो तीन कुदळी देऊन एक लहान मुलगा घेऊन आला. त्याने त्याला आपल्या मुलाबरोबर वाढवलं, धंदा शिकवला, बायको करून दिली. तो मुलगा माझा पणजोबा. त्याचं जन्माचं नाव आणि त्याचं गाव कोणालाच माहीत नाही. माझ्या वडिलांनी मरताना हे माझ्या कानात सांगितलं. अकुन्ने मात्र ओजिआकोच्या रक्ताचा, थोरल्या शाखेचा.

कोणाचा आजा-पणजा बाहेरून आणलेला आहे हे आमच्याकडे चारचौघांत कधीही बोलत नाहीत. मनात सगळे ओळखून असतात, पण उच्चारणं हा मोठा गुन्हा. त्यामुळेच माझ्यासारखे लोक मान वर करून जगू शकतात.

एकोणीसशे एकोणपन्नास साली एझेनागु वारले. घराण्याचा ओफो, ज्या लाकडावर हात ठेवून खरं बोलायचं तो, अकुन्नेकडे जाणार होता आणि त्याच्याबरोबर ही जागाही. हातातलं कसब मला जास्त होतं. अकुन्नेच्या कुदळी दोन पावसाळ्यांत वाकायच्या. माझ्या पोटात दुखत होतं. मी कचेरीत दावा लावला आणि ओफोवर हात ठेवून सांगितलं की बाहेरून आणलेला मुलगा अकुन्नेचा पणजोबा होता.

आमच्या तीन वृद्धांना साक्षीला बोलावलं. तिघांनाही खरं माहीत होतं. तिघेही गप्प राहिले, कारण माझं खोटं उघडं पाडायचं तर माझं मूळ बोलावं लागलं असतं. त्यांनी माझी लाज राखली आणि ते तसंच करतील हे मी धरूनच चाललो होतो. शेवटी दावा ऐकणाऱ्या साहेबाने अकुन्नेला विचारलं, तुला काही म्हणायचंय का?

अकुन्नेने माझ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मला ठाऊक आहे ते मी तोंडातून काढणार नाही. आमच्या घरात ते बोलत नाहीत."

निकाल माझ्या बाजूने लागला. तो बायकोला घेऊन ओनित्शाला गेला. पुढच्या वर्षी त्याला मुलगी झाली. तिचं नाव त्याने एचेझोना ठेवलं, म्हणजे विसरू नका. मुलाच्या नावातून शत्रूला निरोप धाडणं आमच्याकडे जुनंच आहे. तो निरोप मला पोचला आणि मी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्याचा एकुलता मुलगा पुढे यादवी युद्धात मारला गेला. त्याच पळापळीत अकुन्ने आजाराने गेला आणि परक्या गावात, रस्त्याच्या कडेला पुरला गेला. मी इथून फावडं घेऊन जायला हवं होतं. गेलो नाही.

ओफोवर खोटं बोलणारा मरतो म्हणतात. मी मेलो नाही. माझी दोन मुलं गेली. धाकटा चिडोझिए लागोसला आहे आणि त्याला तिथे स्वतःचं घर आहे.

तेव्हा ही जागा आणि हे घर अकुन्नेची मुलगी एचेझोना हिला द्यावं. ओफो देण्याचा अधिकार मला कधी नव्हताच. त्याचं भाऊबंदांनी ठरवावं.

४. माझं दफन कुंपणापाशी करावं. ओबीच्या पुढची जागा अकुन्नेची आहे. जिथे तो पुरला आहे तिथली ओंजळभर माती आणून तिथे घालावी.

५. रोज सकाळी कोलाचं कडू बी फोडताना घराण्यातल्या पूर्वजांची नावं घ्यायची असतात. बेचाळीस वर्षं मी अकुन्नेच्या शाखेची नावं गाळली. ती इथे लिहून ठेवतो, कारण आता ती माहीत असलेलं दुसरं कोणी नाही. अकुन्ने, त्याचा बाप एझेनागु, त्याचा बाप अनाग्बोगु, त्याचा बाप

इथे एक नाव आहे. ते मला आठवत नाही. मास्तरांनी तीन दिवस वाट पाहिली. एझेनागुच्या तोंडून मी ते हजारदा ऐकलं होतं. ओळ कोरी सोडली आहे. त्याच्या वर ओजिआको.

ता.क. हे सगळं वाचून दाखवायला एचेझोनाला आज ओनित्शाहून बोलावलं होतं. ती ऐकून घेईपर्यंत पाण्यालाही शिवली नाही. मग म्हणाली, "बाबा गप्प बसले ते तुमच्या लेकरांसाठी, काका. आता तुम्ही त्यांनाच सांगताय."

मी म्हटलं, त्याशिवाय तुझ्या बापाचं खरं होत नाही.

मग तिने साक्षीला कोण आहे असं विचारलं. एक मास्तर, दुसरं अजून कोणी नाही. तिने लेखणी मागितली. मास्तरांनी तिला बजावलं की जो साक्ष घालतो त्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, तिसरं कलम बाद होईल आणि सगळं चिडोझिएकडे जाईल.

"जाऊ दे," ती म्हणाली. "कचेरीत माझ्या बापाच्या बाजूने एकही साक्ष झाली नव्हती. ती मी घालते."

मी तिला अडवलं. तिने ऐकलं नाही. मी ढसाढसा रडलो, हेही मास्तरांनी लिहावं.

ऑका, सात डिसेंबर एकोणीसशे एक्याण्णव.

लिहून देणार: इलोएग्बुनाम (डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार: ओबिओरा, निवृत्त शिक्षक

साक्षीदार, स्वहस्ते: एचेझोना, बाप अकुन्ने, त्याचा बाप एझेनागु, त्याचा बाप अनाग्बोगु, त्याचा बाप म्बानुगो, त्याचा बाप ओजिआको. मूळ गाव: हेच.