पावसाबरोबर सोडलेला हौद

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि हल्ली सोलापुरात पाऊस आला की माझा पाय घरात ठरत नाही. छत्री, पायात गमबूट, पिशवीत चार धुतलेल्या बाटल्या, अशी पन्नाशी उलटलेली तुमची लेक नाल्याकडे निघते. आम्ही आठ-नऊ जण आहोत. रस्त्यावरचं पावसाचं पाणी नाल्यातून तळ्यात जाताना बरोबर काय काय नेतं, ते आम्ही तपासतो. बाटली भरायची, कागदी पट्टी बुडवायची, रंग, वास, वेळ वहीत लिहायची. पगार नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने प्यायचा. तुम्ही म्हणाला असता, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतीस व्हय?" भाजते, अण्णा.

गेल्या वर्षी तळ्याच्या काठाला मेलेले मासे लागले होते. आमच्या बाटल्यांत मात्र काही सापडेना, कारण सगळे पाऊस ओसरल्यावर जायचे. मीच म्हटलं, सर सुरू होताच निघा, पहिल्या पंधरा मिनिटांत बाटली भरा. "तुम्हाला हो कसं कळलं?" आमच्यातल्या शिक्षिका बाईंनी विचारलं. मी हसून विषय बदलला.

मी नऊ वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन रंगाईच्या कारखान्यात आले आहे. चादरींचं सूत रंगवून झालंय, हौदात लाल पाणी उरलंय. आभाळ वाजतं. कोपरापर्यंत रंगलेले हात घेऊन तुम्ही दारात येता, वर बघता आणि हौदाचं बूच काढता. "पळ गं, नाल्यावर बघून ये, रंग दिसतुय का." मी भिजत जाते, भिजत येते. "न्हाय दिसत, अण्णा!" तुम्ही माझं डोकं पुसता, आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मला देता. तेव्हा मला वाटायचं, पाऊस आपल्याला मदत करायलाच येतो. तुम्ही मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारे. पण पाणी नजरेआड झालं की संपलं, असंच आपल्या सगळ्या गल्लीला वाटायचं. मला तुमचा राग येत नाही. यायला हवा, असं कधी कधी वाटतं.

यंदा सर येताच भरलेली बाटली लाल निघाली. नाल्याच्या काठाने वर वर जात आम्ही एका कारखान्याशी पोचलो. बाकीचे रस्त्यावर थांबले, मी आत गेले, आणि मालकाला बघताच ओळखलं. तुमच्या हाताखाली काम शिकलेले काका. मला ओळखून आधी हसले, मग माझ्या हातातली बाटली बघून मला बाजूला घेऊन गेले.

"ह्ये तुज्या बापानंच शिकवलंय की मला," ते हळूच म्हणाले. "पावसात सोडलं तर कुणाला कळत न्हाय."

"काका, अण्णा असते तर आज त्यांनाही हेच सांगितलं असतं. टाकी बांधा, पण नाल्यात सोडू नका. मासे मरतायत, आणि आम्हाला वहीत सगळं लिहावं लागतं."

त्यांनी वाकून हौदाचं बूच घट्ट बसवलं. "बांधतो. तुमच्या वहीत माजं नाव लिव, पोरी. त्याचं नगं. लई चांगला माणूस हुता."

मला तिथेच रडू आलं. बाहेर येताना छत्री उघडायचंही भान राहिलं नाही.

संध्याकाळी शिक्षिका बाईंनी वही पुढे केली. मी काकांचं नाव लिहिलं, रंग लिहिला, वेळ लिहिली. शेवटचा रकाना असतो, 'हे कधीपासून चालू आहे?' नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मीच बजावते, वहीत एक अक्षर खोटं लिहायचं नाही, नाहीतर आपल्यावर कोण विश्वास ठेवणार? हे पत्र कुठे जाणार नाही, कुणी वाचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. त्या रकान्यात मी 'माहीत नाही' असं लिहिलं.