चांद्याचा पांढरा रंग

निलंगा, रविवार

आदरणीय तय्यबभाई यांना श्रीमंतचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

रईसाभाभींचे गुडघे आता जिना चढू देतात का? देगलूरला पाऊस उघडला असेल तर तुमच्या स्टुडिओत गिऱ्हाईकही चढत असेल. इकडे सगळे बरे आहोत. म्हणजे शिल्पा बरी आहे आणि मी तिच्यासमोर फारसा बोलत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही हसता आणि मग मला पुढचं सांगता येत नाही.

माझे सासरे चंद्रप्पा तुम्हाला आठवत असतील (लग्नात तुम्ही नको नको म्हणताना ताटात जिलबी टाकणारे). त्यांचा देवणी बैल चांद्या, पांढऱ्याशुभ्र अंगावर काळे ठिपके. वासरू होता तेव्हापासून त्यांच्याच हातचा. यंदा त्यांच्याच्यानं वैरण-पाणी होईना, म्हणून पोळा झाल्यावर तो सीमेपलीकडच्या औरादच्या एका शेतकऱ्याला द्यायचं ठरलं. सासऱ्यांनी माझ्याकडं एवढंच मागितलं, "जावईबापू, जायच्या आधी त्याचा एक फोटू काढा. भिंतीला लावतो." मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं मला रंगांतलं कळतं असा त्यांचा समज. माझाही होता.

तुम्ही शिकवलं होतं की कॅमेऱ्यातल्या मीटरला सगळं जग राखाडी असावं असं वाटतं. मी मान डोलावली होती (मान डोलावणं आणि कळणं यांत फरक असतो, हे शिक्षक असून मला तेव्हा सुचलं नाही). गोठ्यासमोर उन्हात चांद्या उभा केला आणि मीटर त्याच्या पांढऱ्या वशिंडावर धरला. मीटरला वाटलं उजेड फार झाला, त्यानं सगळं दाबलं. बैल राखेत लोळल्यासारखा आला. सासरे फोटो बघून म्हणाले, "ही म्हस कुणाची?" मग मी मीटर काळ्या ठिपक्यावर धरला. आता त्याला उजेड कमी वाटला, त्यानं एवढा वाढवला की चांद्याचं पांढरं अंग आभाळात विरघळलं. मागं उरले ठिपके, शिंगं आणि खूर. सासूबाई लक्ष्मम्मांनी शांतपणे विचारलं, "बैल कुठं गेला?"

मग बैल सावलीला घेतला. आदल्या संध्याकाळी घरात सराव करताना मी व्हाईट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवला होता, तो तसाच राहिलेला. बल्बचा पिवळेपणा मारायला कॅमेरा निळा रंग मिसळत होता, आणि चांद्या निळा आला. अगदी शाईत बुडवल्यासारखा. तेव्हा तुमचं बोलणं आठवलं, की पांढऱ्या वस्तूवरून कॅमेऱ्याला पांढरं ओळखायला शिकवावं. वाळत घातलेलं सासऱ्यांचं धोतर दिसलं. त्याच्याइतकं पांढरं गावात काही नाही म्हणून त्याच्यावरून शिकवलं. सासूबाई धोतराला नीळ घालतात, आणि सढळ हातानं घालतात. कॅमेऱ्यानं तो निळसरपणाच पांढरा मानला आणि खऱ्या पांढऱ्याला पिवळं करून टाकलं. तय्यबभाई, बैल हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा दिसत होता.

इथपर्यंत तुम्ही हसला असाल. आता ऐका. मेव्हण्यानं तो पिवळा फोटो बैलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथं कुणीतरी 'याला कावीळ हाय' असं लिहिलं. औरादचा माणूस घाबरला आणि पोळ्यापर्यंत थांबायचं सोडून दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन हजर. चांद्याचे डोळे बघितले, जीभ बघितली, बैल ठणठणीत निघाला. आलोच हाय तर घेऊनच जातो म्हणाला. सासऱ्यांनी शब्द दिलेला होता. त्यांनी स्वतः कासरा धरून चांद्याला टेम्पोत चढवलं.

म्हणजे फोटो तर नाहीच, माझ्यापायी म्हाताऱ्याचा चांद्यासोबतचा शेवटचा पोळाही गेला. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. जेवताना नेहमीसारखं तूप वाढलं. बोलले असते तर बरं झालं असतं. शिल्पा बोलली, पण तिचं बोलणं मी इथं लिहीत नाही. फोटोग्राफी मी सोडली आहे.

भाभींना सलाम, सादियाला आशीर्वाद.

आपला,
श्रीमंत

ता. क. खरं काम राहिलंच. औराद तुमच्यापासून जवळ. पोळ्याला तिकडं जाऊन चांद्याचा एक फोटो काढाल का? पांढरा तेवढा पांढरा येऊ द्या. सासऱ्यांना सांगितलेलं नाही.

ता. क. २. सांगावं लागलं. ते आत्ताच घरी आले, काय लिहिताय म्हणाले, मी वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "तय्यबभाईंना कशाला तरास? फोटू ऱ्हाऊ द्या. मलाच एकदा नेता का तिकडं?" पिशवीत चांद्याची झूल घेऊनच आलेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं तुमच्याकडं मुक्कामाला येतो.